कोंडू वायरमनची मंगलाष्टकं

सापगावात येऊन कोंडू वेखंडे कुठे राहतो असं विचाराल, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. कोंडू वायरमन म्हणा, मग बघा, शेंबडं पोरसुद्धा हात धरून दारात नेऊन उभं करील. रिटायर होऊन काळ लोटला, खांबावर चढायचे गुडघे राहिले नाय, तरी माणूस वायरमनचा वायरमनच. आणि हाच माणूस कवी. खरं सांगते. शहापूरपासून मुरबाडपर्यंत किती जोडप्यांच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या ह्याच्या शब्दांवर पडल्या.

त्याच्याबद्दल बोलायचा माझ्याइतका हक्क दुसऱ्या कोणाला नाय, हे आधीच सांगून ठेवते. त्याची बायको लखमा, ती गरीब गाय, ती त्याचं चांगलंच सांगणार. मी भागीरथी. भर मांडवात त्याचं मंगलाष्टक अर्ध्यावर तोडणारी बाई ती मीच. त्या दिवसानंतर त्यानं कोणाचंच मंगलाष्टक लिहिलं नाय. आणि ह्या वर्षी माझ्या पोटच्या पोराचं, स्वरूपचं, लग्न निघालं तेव्हा मला मंगलाष्टकं हवी होती ती नेमकी त्याचीच. आता बोला!

तर पहिल्यापासून सांगते.

मी वैशाखऱ्याची. माळशेजच्या वाटेवरचं गाव, गार हवा, धुकं. तिथून सापगावात आले ती बिजवराला दिलेली म्हणून. कमळाकर, माझे मालक, त्यांची पहिली बायको गोजर काविळीनं गेलेली आणि मागे चार वर्षांची कुणाली. मी उंबरा ओलांडला तेव्हा ही पोर दारामागे फ्रॉकचं टोक तोंडात धरून उभी होती. आमच्यात दुसरेपणाच्या बाईनं गळ्यात पहिलीची पुतळी घालायची असते. चांदीची, बोटाच्या पेराएवढी. सणावाराला निवद आधी तिला दाखवायचा, मग आपण जेवायचं. मी घातली पुतळी. दाखवले निवद. कोणी जबरदस्ती केली नाय, पण कोणी विचारलंही नाय, की बाई, तुला कसं वाटतं.

कोंडू हा मालकांचा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणून मी त्याला भावजी म्हणायची. पहिल्यांदा बघितला तो आमच्या घरामागच्या खांबावर. वर बसून पक्कडीनं खांबावर ठोके देत होता. टक टक टक, मग थांबायचा, तोंडातल्या तोंडात काय तरी पुटपुटायचा, परत टक टक. मला वाटलं, लाइनीचं मोठं काम निघालंय. तासभर झाला, घरात पंखा बंद, पोर घामानं निथळतेय. मी खालून ओरडले, "भावजी, काय बिघडलंय तरी काय?"

तर वरून म्हणतो, "वयनी, मुरबाडच्या नवरीचा मामा वृत्तात बसत नाय."

अगो बाय! अख्खं गाव गरमीनं उकडतंय आणि ह्याचा मामा बसत नाय! मी म्हटलं, "खाली या, त्याला खुर्ची देते." तो एवढा हसला, की मला वाटलं आता पडतोय.

आमच्याकडच्या मंगलाष्टकांचं ज्यांना माहीत नाय त्यांना सांगते. भटजी आपली संस्कृतातली म्हणतात, ती झाली की घरची मराठी मंगलाष्टकं असतात. त्यात नवरा-नवरीचं नाव, आईबापाचं, आजा-आजीचं, काका, मामा, आत्या, गावदेवी, कुळस्वामी, सगळ्यांची नावं गुंफायची. आणि ती गुंफायची ती त्या लांबलचक चालीत, एक अक्षर कमी नाय की जास्त नाय. हे काम कोंडूचं. लग्न ठरलं, की नवरीचा बाप कोंडूकडे नावं सांगायला जायचा. मग दुसऱ्या दिवशी चुलता जायचा, 'माझं नाव दादानं सांगितलंय ना रे?' म्हणून. मग आत्याबाई. एकदा तर एका धाकट्या मामाचं नाव राहिलं, तर तो मामा नवरीचा हात सोडून मांडवाबाहेर जाऊन बसला. कोंडूनं तिथल्या तिथे उभ्या उभ्या एक ओळ रचली, त्यात मामाला घातला, तेव्हा मामा आत आला. असा तो काळ होता.

आणि मांडव काय असायचे! आंब्याचे टहाळे, भेंडीच्या झाडाचे खांब, शेणानं सारवलेलं अंगण. पंगतीला डाळभात, बटाट्याची भाजी नि बुंदी. पोरं ओरडतायत, म्हाताऱ्या भांडतायत, पण कोंडू गळा साफ करून उभा राहिला, की टाचणी पडली तर ऐकू येईल एवढी शांतता. का तर प्रत्येक माणूस आपल्या नावाची वाट बघायचा. आपलं नाव आलं, की छाती अशी पुढे यायची. जन्मभर चिखलात राबलेला माणूस, त्याचं नाव कधी कशात येणार? एकदा मांडवात यायचं, चालीवर. मला त्या दिवसांची फार आठवण येते. आता हॉल असतो, डोक्यावर ते ड्रोन का काय ते घुं घुं करतं, आणि डीजेवाला पेन ड्राइव्ह लावतो. पेन ड्राइव्हवरच्या बाईला आपली नावं कुठून ठाऊक? ती आपली 'वधू-वरा, वधू-वरा' करते. म्हणजे कोणाचंही लग्न लावा, चालतंय.

मला आधी वाटायचं, कवी म्हणजे झब्बा घातलेला, दाढी वाढवलेला, काम ना धंदा असा माणूस. एकदा कोंडू आमा दोघांना शहापूरला घेऊन गेला. तिथं एका भांड्याच्या दुकानाच्या माडीवर रविवारी कवी नि कथा लिहिणारे जमायचे. मी बघते तर काय, एक कोंबडीच्या दुकानाचा मालक, हाताला अजून हळद-मसाल्याचा वास, आणि कविता वाचतो पावसात भिजलेल्या पिल्लावर! मी मालकांच्या कानात म्हटलं, सकाळी किती कापली असतील ह्यानं? एक रिटायर हवालदार होता, तो प्रेमाच्या कविता करायचा आणि वाचताना कानापर्यंत लाल व्हायचा. एक एसटीचा कंडक्टर, त्याच्या कविता तिकिटाएवढ्या. खर्डीच्या बाजूच्या दवाखान्यातली एक नर्स होती, ती कथा लिहायची. रात्रपाळीत बायांची बाळंतपणं करता करता ज्या गोष्टी ऐकल्या त्या नावं बदलून. तिनं एक कथा वाचली, एका सासूची. ऐकून मला रडू फुटलं, आणि रागही आला, कारण ती सासू हुबेहूब माझी सासू. मी तिला विचारलं, "तुमी आमच्या घरी कधी आलावता?" तर ती म्हणाली, "वहिनी, प्रत्येक गावातली बाई मला हेच विचारते."

तेव्हा मला कळलं, की हे लोक काय वरून पडलेले नसतात. कोणी कोंबडी कापतो, कोणी तिकीट फाडतो, आणि मधल्या वेळेत हे असं काय तरी करत बसतात. पैसा नाय, काय नाय. वर घरच्यांच्या शिव्या. लखमा एवढी गरीब, पण तीसुद्धा म्हणायची, "लोकांच्या पोरींची लग्नं ह्यांच्या तोंडावर लागतात, घरातला नळ गळतोय तो कोण बघणार?"

आता त्या दिवसाचं सांगते.

कुणाली मोठी झाली. माझ्या हातावर मोठी झाली. तिला गोवर झाला तेव्हा मी उशाशी बसले, तिला पहिल्यांदा बाहेरची झाली तेव्हा मीच समजावलं, कॉलेजला जायची तेव्हा डबा माझ्या हातचा. मागनं स्वरूप झाला तरी ताटात आधी तिला वाढलं. गावातल्या बायांची नजर कशी असते ते बायांनाच ठाऊक. पोर जरा बारीक दिसली, की 'सावत्र ती सावत्रच'. पोरीला ओरडले, तर 'कानामागून आली नि तिखट झाली'. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं माझं. पण कुणालीनं मला आये म्हटलं, पहिल्या वर्षापासून. त्या एका हाकेवर मी सगळ्या गावाला पुरून उरले.

तिचं लग्न ठरलं तेव्हा मालक कोंडूला नावं सांगून आले. वधूची माता म्हणून माझं नाव. मी स्वतः विचारून घेतलं होतं. म्हटलं, ह्या दिवशी तरी अख्ख्या गावासमोर, चालीवर, कुणालीची आई भागीरथी असं येणार. बाकी मला काय नको होतं हो. साडीसुद्धा मी साधीच घेतली.

मांडव भरलेला. अंतरपाट धरलेला. कोंडू उभा राहिला. गणपती झाला, गावदेवी झाली, आजा-आजी झाले. मी पदर सावरला. म्हटलं, आता आई. आणि हा मेला म्हणतो,

'गेली जी अवचीत सोडुन घरा, माता तुझी गोजर,
आली ती बघ मांडवात, उभि ती, पाहील डोळाभर...'

माझ्या कानात शिट्टी वाजली. मांडवात एकदम कुजबूज. एक तर आमच्यात शुभकार्याला गेलेल्या माणसाचं नाव मांडवात घेत नायत. पत्रिकेत 'कैलासवासी' म्हणून छापतील, पण अक्षतांच्या वेळी नाय. आणि दुसरं काय ते मी सांगायला नको. सगळ्या बायांनी माना वळवल्या, माझ्याकडे बघितलं. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाय. 'बघा, शेवटी आई ती आईच.' तळपायाची आग मस्तकात गेली.

मी ओरडले, "थांबव रे कोंडू! बंद कर ते!" भावजी वगैरे सगळं गेलं चुलीत. "हिला न्हाऊ घातलं कोणी? हिची वेणी कोणी घातली? रात्र रात्र कोण बसलं? ज्यांचे पाय मांडवात आहेत त्यांचं नाव घ्यायला तुझी जीभ झडते काय?"

भटजी शहाणे, त्यांनी पटकन 'शुभ मंगल सावधान' म्हणून टाकलं, वाजंत्री वाजली, लग्न लागलं. कोंडूनं हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला, लखमाला खूण केली आणि न जेवता निघून गेला. कुणाली अंतरपाटामागे रडत होती. मला वाटलं, मांडवात असा तमाशा झाला म्हणून रडतेय.

मी चुकले असं मी आजही म्हणत नाय. माझ्या जागी दुसरी कोण असती तर तिनं चप्पल काढली असती.

त्यानंतर कोंडूनं मंगलाष्टकं बंद केली. लोक यायचे, हातापाया पडायचे, तो म्हणायचा, "बाबा रे, माझा गळा गेला." गळा कसला गेला! शहापूरच्या माडीवर कविता वाचायचाच की. पण मांडवात उभा राहिला नाय. आणि गावानं खापर फोडलं ते माझ्यावर. 'भागीरथीमुळे आमच्या पोरीचं लग्न कॅसेटवर लागलं.' म्हशीला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन! मीही मग हट्टाला पेटले. कोंडू समोरून आला, की मी रस्ता बदलायची. तो मात्र लाइट गेली की आमच्या घरची आधी जोडून द्यायचा. खाली मान घालून यायचा, फ्यूज बसवायचा, जायचा. पाणी विचारलं, तर "नको वयनी." त्याचा मला आणखी राग यायचा. भांडला असता तर बरं झालं असतं.

मालक गेले ते ह्याच काळात. कोंडू स्मशानात शेवटपर्यंत बसून होता असं मला स्वरूपनं सांगितलं.

तर आता स्वरूपचं लग्न. पोरगी मुरबाडची, मनाली, बँकेत कामाला आहे. चांगली आहे, तोंडाळ आहे, माझ्याशी जमेल. हॉल ठरला. स्वरूप म्हणतो, "आई, मंगलाष्टकांचं टेन्शन घेऊ नको, डीजेवाल्याकडे रेडी असतात." मी म्हटलं, "रेडी असतात म्हणजे? तुझा बाप त्यात आहे? तुझा आजा आहे?" तो म्हणतो, "तसं नसतं आता." माझा जीव कसनुसा झाला. कमळाकर नावाचा माणूस ह्या मातीत राबला, मेला, आणि पोराच्या लग्नात त्याचं नाव कोणी चालीवर घेणार नाय? गेलेल्याचं नाव घेत नायत हे मला ठाऊक आहे हो. पण बापाचं नाव तर मुलाच्या नावापुढे लागतंच, ते कोण अडवणार? ते लावायला कोंडू हवा. दुसऱ्या कोणाला जमणार नाय. आणि कोंडूकडे जायला माझे पाय उचलेनात.

लग्नाच्या आधी कुणाली आली मदतीला. आमी दोघी ओसरीवर तांदळाचे पापड लाटत बसलो होतो. मी तिच्यापाशी बोलत होते. म्हटलं, "त्या कोंडूनं तेव्हा माझा पाणउतारा केला नसता, तर आज ही वेळ नसती आली. मी त्याच्या दारात कशी जाऊ? आणि का जाऊ?"

कुणालीचं लाटणं थांबलं. ती म्हणाली, "आये, कोंडूकाकांनी नाय. मी."

"काय मी?"

"मी सांगितलं होतं त्यांना. गपचूप जाऊन. म्हटलं, काका, माझ्या आईचं नाव एकदा घ्या. ते नाय म्हणत होते. म्हणाले, पोरी, मांडवात असं घेत नायत, वयनीला लागेल. मी त्यांच्या पाया पडले. मग ते हो म्हणाले."

मी लाटतच राहिले. पापड एवढा पातळ झाला, की फाटला. मग तोंडातून निघालं ते एवढंच, "मी कुठे कमी पडले गो?"

"कमी पडली असतीस तर मागितलंच नसतं," ती म्हणाली. "तुझ्याजवळ सगळं होतं आये. बाबा होते, स्वरूप होता, मी होते. अख्खा मांडव तुझा होता. तिचं कोण होतं? मला तिचा चेहरापण आठवत नाय. मी नाय तर कोण विचारणार तिला?"

"आणि मग इतकी वर्षं बोलली का नायस?"

"त्याच दिवशी बोलणार होते. पाठवणीच्या गडबडीत काका मागच्या दाराला परत आले. म्हणाले, एक अक्षर बोलू नको. मला बोलून तिचा राग शांत होईल. तुला बोलली तर तुमचं दोघींचं तुटेल. माझं काय, मी खांबावरचा माणूस."

मी उठले. हाताला पीठ तसंच. कुणाली 'आये, आये' करत मागे आली, तिला म्हटलं, "तू पापड बघ, वाळतील." आणि निघाले.

वाटेत मी काय काय बोलले मला ठाऊक नाय, पण मोठ्यानं बोलत होते, कारण नदीवर निघालेल्या बाया बघत होत्या. पोरीचा राग आला होता. गोजरचाही आला होता, मेलेल्या बाईचा, काय सांगू! जिची पुतळी मी गळ्यात वागवली, तिच्यासाठी माझ्याच पोरीनं दुसऱ्याच्या पाया पडावं? आणि मला सांगू नये? मी काय खाल्लं असतं तिला? मग मनात आलं, हो, तेव्हा खाल्लंच असतं. त्या वयात, त्या बायांच्या नजरांमध्ये, मी पोरीला नाय नाय ते बोलले असते. आणि ती परत आये म्हणाली असती की नाय, देव जाणे. त्या विचारानं मी मारुतीच्या पारावर बसले थोडा वेळ.

कोंडू ओट्यावर बसला होता, भाताच्या पेंढ्याची दोरी वळत. मला बघून उभा राहायला गेला, गुडघा धरून परत बसला.

"वयनी? लाइट गेली काय?"

"लाइट गेली तुझी," मी म्हटलं. "अक्कल गेली. जन्मभर मी तुला शिव्या दिल्या, रस्ता बदलला, आणि तू तोंडात मूग धरून बसलास? एकदा तरी सांगायचं, बाई, माझा गुन्हा नाय!"

तो काय समजायचं ते समजला. दोरी खाली ठेवली. "कुणाली बोलली तर," म्हणाला. "बरं झालं. मी मेल्यावर बोलली असती तर तुमी माझ्या फोटोशी भांडला असता."

"हसू नको. मंगलाष्टकं का सोडलीस? माझ्या शिव्यांना घाबरलास?"

"तुमचा राग बरोबरच होता, वयनी." त्यानं खाली ठेवलेली दोरी परत उचलली. "पोरीचंही बरोबर होतं. आणि मी दोघींची नावं एका मांडवात बसवू शकलो नाय. तुमची ओळ पुढे होती, पण आधी कोणाची घ्यायची इथेच माझी चूक झाली. ज्याला ते जमत नाय, त्यानं लोकांची नावं घेऊ नये. म्हणून सोडलं."

मी डोळे पुसले, तर हाताचं पीठ सगळं तोंडाला. आतून लखमा पाणी घेऊन आली, ती मला बघून हसायला लागली, मग मीही हसले, मग रडले, असं सगळं झालं. पाणी प्याले. म्हटलं, "कागद घे. स्वरूपचं लग्न आहे. नावं सांगते."

"गळा राहिला नाय आता."

"मोडक्या गळ्यानं म्हण. डीजेवाल्यापेक्षा बराच आहे."

त्यानं चष्मा लावला. मी सांगत गेले. गावदेवी. कमळाकर. स्वरूप, मनाली. तिचे आईबाप, आजी. माझ्या माहेरचे भाऊ. कुणाली, जावई. त्यानं लिहिलं आणि विचारलं, "वराची माता भागीरथी. झालं?"

"नाय झालं. गोजरचं घे."

त्यानं चष्म्यावरून बघितलं. "वयनी, स्वरूपची ती कोण लागते? आणि गेलेल्या माणसाचं नाव मांडवात घेत नायत."

"आता तू मला शिकवतोस होय रे?" मी म्हटलं. "माझ्या आधी घे. मोठी आहे ती."

लग्न मुरबाडच्या हॉलमध्ये लागलं. स्टेजवर फुलं, खाली गालिचा, ड्रोन घुं घुं करतोय. स्वरूपनं डीजेवाल्याला थांबवलं आणि कोंडूला माइक दिला. नवी पोरं हसली, हा कोण म्हातारा म्हणून. पण आमच्या सापगावच्या मंडळींनी त्याला ओळखलं आणि एकेक माणूस गप्प होत गेला. आवाज फाटका होता. मधेच दम लागत होता. गणपती झाला. गावदेवी झाली. कमळाकर झाले, तेव्हा मी डोळ्याला पदर लावला. मनालीची आजी तिचं नाव आल्यावर खुर्चीतून उठूनच उभी राहिली, बिचारी. मग कोंडू जरा थांबला, माझ्याकडे न बघता छताकडे बघत म्हणाला,

'नाही पाहियले कधी तुज जिने, ती थोरली गोजर,
ताईची जननी, तुझी पण खरी, देते तुला ती वर...'

आणि सगळ्या सापगावानं मान वळवली. त्याच बाया, आता म्हाताऱ्या झालेल्या, कोणाची कवळी, कोणाची काठी. आता ही काय करते, आता ही माइक हिसकावते, अशा नजरेनं बघत राहिल्या. कोंडूचा आवाज थांबला. पलीकडे कुणाली करवली म्हणून उभी होती, ती माझ्याकडे बघत होती, चार वर्षांची असताना दारामागून बघायची तशीच.

मी मुठीतल्या अक्षता उडवल्या आणि ओरडले, "माझ्या तोंडाकडे काय बघता? टाका ना अक्षता! माझ्या थोरलीचं नाव आलंय!"